भोपळेबेटाची वही

जपानच्या एनएचके या सार्वजनिक दूरचित्रवाणीवर ६ एप्रिल १९६४ रोजी मुलांसाठी बाहुल्यांची एक मालिका सुरू झाली आणि ४ एप्रिल १९६९ रोजी संपली. पाच वर्षं, सोमवार ते शुक्रवार, संध्याकाळी पावणेसहा ते सहा. पंधरा-पंधरा मिनिटांचे १,२२४ भाग, म्हणजे एकूण ३०६ तास. त्यांतले एनएचकेच्या संग्रहात उरले ८ भाग, दोन तास. बाकीचे ३०४ तास आगीत गेले नाहीत, पुरात वाहून गेले नाहीत, कुणी चोरलेही नाहीत. ते पुसले गेले. ठरवून, कामाच्या वेळेत, पगारी माणसांच्या हातून.

मालिकेचं नाव ‘ह्योक्कोरी ह्योतानजिमा’. ह्योतान म्हणजे मधे कंबर असलेला भोपळा. दोन बाजूंना दोन टेकड्या आणि मधे खोलगट, अशा आकाराचं हे बेट. आपण सोयीसाठी त्याला भोपळेबेट म्हणू. संडे नावाच्या बाई पाच विद्यार्थ्यांना घेऊन तिथे सहलीला येतात, ज्वालामुखी भडकतो, आणि बेट बुडापासून सुटून समुद्रावर वाहायला लागतं. त्यानंतर पाच वर्षं ते वाहतच राहतं. डॉन गाबाचो नावाचा भाषणबाज पुढारी चक्क टीव्हीच्या पडद्यातून बाहेर येतो आणि बेटाचा अध्यक्ष होऊन बसतो. तोराहिगे, म्हणजे आपल्या भाषेत ‘वाघमिशा’, हा निवृत्त समुद्री चाचा बेटावर दुकान थाटतो. डँडी नावाचा रुबाबदार पिस्तुलबाज पॅराशूटनं आकाशातून उतरतो. मुलांमध्ये हाकासे नावाचा एक चष्मेवाला हुशार मुलगा आहे. त्याला आवाज देणाऱ्या चिनात्सु नाकायामा पुढे १९८० मध्ये जपानच्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहात निवडून गेल्या. गाबाचोची भाषणं पाच वर्षं ऐकल्यावर राजकारणाची भीती राहत नसावी.

बेट कधी सिंहांच्या राज्याला लागतं, कधी चाच्यांच्या तावडीत सापडतं, कधी चेटकिणींच्या. बाहुल्या ‘हितोमी-झा’ या मंडळीच्या. १९४८ मध्ये कामाकुरात सुरू झालेलं हे बाहुलीनाट्याचं पथक आजही काम करतं. बाहुल्या काठीवरच्या, नाचवणारे खाली दडलेले, हात वर करून तासन्‌तास उभे. लेखक दोघे, हिसाशी इनोउए आणि मोरिहिसा यामामोतो. इनोउए पुढे जपानचे मोठे नाटककार आणि कादंबरीकार झाले, १९७२ मध्ये त्यांना नाओकी पारितोषिक मिळालं. त्यांचं लहानपण काही काळ सेंदाईच्या एका कॅथलिक अनाथाश्रमात गेलं होतं. मालिका संपून कित्येक वर्षं झाल्यावर त्यांनी सांगून टाकलं, की बेटावरची मुलं पहिल्याच स्फोटात मेलेली आहेत असं दोघा लेखकांनी मनाशी धरलं होतं. आईबाप नसलेल्या मुलांचं गाणीबजावणीनं भरलेलं बेट, आणि कुणी घरी परत जायचं नावच काढत नाही! मुलांच्या कार्यक्रमात अशी गोष्ट लपवून ठेवायला छाती लागते. अशा मालिकेचा ठेवा दोन तासांवर यावा, यामागे दुष्टपणा नव्हता. यंत्र होतं, पैसा होता आणि मुलांविषयीची एक समजूत होती.

यंत्रापासून सुरुवात करू. दूरचित्रवाणीचं चित्र फितीवर नोंदवणारं पहिलं व्यवहारात उपयोगी पडणारं यंत्र अमेरिकेच्या अ‍ॅम्पेक्स कंपनीनं १९५६ मध्ये बाजारात आणलं. फीत दोन इंच रुंद. ती एका फिरत्या चकतीसमोरून सरकायची. चकतीवर चार हेड आणि चकतीचा वेग मिनिटाला १४,४०० फेरे. यंत्राची किंमत पन्नास हजार डॉलरच्या घरात, तासाभराच्या टेपची सुमारे ३०० डॉलर. पण या महाग टेपचा एक मोठा गुण होता, ती पुसून पुन्हा वापरता यायची. सिनेमाची फिल्म एकदा धुतली की तिच्यावर दुसरं काही उमटवता येत नाही, म्हणून ती डब्यात पडून राहते आणि डब्यात पडून राहिली म्हणून टिकते. टेपचं उलट. ती कामाची होती म्हणूनच तिच्यावरचं टिकलं नाही.

ब्रिटनमधलं उदाहरण याला अगदी पूरक आहे. बीबीसीनं १९५० मध्ये लहान मुलांसाठी ‘अँडी पँडी’ ही दोऱ्यांच्या बाहुलीची मालिका आणली आणि तिचे २६ भाग फिल्मवर घेतले. तेच २६ भाग जवळजवळ वीस वर्षं आलटून पालटून दाखवले गेले, इतके की फिल्मा झिजल्या आणि १९७० मध्ये १३ भाग नव्यानं रंगीत करावे लागले. त्याच बीबीसीनं मोठ्यांसाठी केलेली कितीतरी नाटकं टेपवरून पुसली. कलाकृतीची योग्यता कुणी मोजलीच नाही. फिल्म की टेप, एवढ्यावर तिचं आयुष्य ठरलं.

आता मुलांविषयीची ती समजूत. त्या काळी टेप हे प्रक्षेपणाचं साधन होतं, आणि प्रक्षेपण झालं की काम झालं. पुन्हा दाखवायचं तर नटांचे, वादकांचे करार आडवे यायचे. त्यातून कार्यक्रम मुलांचा. मुलं चार वर्षांत मोठी होतात, त्यांच्या जागी नवी येतात, त्यांना नवं काहीतरी द्यायचं. जुनं कोण मागणार? मला हा तिसरा भाग जास्त खटकतो. पैशाची अडचण सर्व कार्यक्रमांना सारखीच होती, पण कात्री कुठे आधी लावायची हे ठरवताना बाहुल्या रांगेत पुढे असाव्यात, असं मला वाटतं.

सातोरू इतो हा तोक्योतला मुलगा मालिका सुरू झाली तेव्हा प्राथमिक शाळेत होता. त्याला भोपळेबेटाचं वेड लागलं, तसं त्या वर्षी जपानमधल्या लाखो मुलांना लागलं. फरक इतकाच की यानं वही घातली. कोणत्या भागात काय घडलं, कोण काय म्हणालं, हे तो बारकाईनं उतरवून ठेवू लागला. घरी टीव्हीवरचा कार्यक्रम नोंदवून ठेवण्याची सोय जवळजवळ कुणाकडेच नव्हती. सोनीचं बेटामॅक्स १९७५ मध्ये आलं, जेव्हीसीचं व्हीएचएस १९७६ मध्ये. दोन्ही जपानीच, पण भोपळेबेट संपून सहा-सात वर्षं उलटल्यावर. सहा वाजले की त्या दिवसाचा भाग कायमचा गेला, हे त्या मुलाला बरोबर कळलं होतं. एनएचकेला ते कळायला आणखी बराच काळ लागला.

या वहीचं मोल उमगलं १९९१ मध्ये. एनएचकेनं आपल्या उपग्रह वाहिनीसाठी भोपळेबेट पुन्हा करायचं ठरवलं. हितोमी-झा तयार होती, जुन्या नटांपैकी काही हयात होते, गाण्यांच्या चाली लोकांच्या तोंडी होत्या. पण टेपा नव्हत्या, आणि संहिताही विखुरलेल्या. शेवटी आधार घ्यावा लागला तो एका प्रेक्षकानं शाळकरी वयात भरलेल्या वह्यांचा. त्यांवरून चाच्यांची, सिंहराज्याची, चेटकिणीची अशी काही प्रकरणं नव्यानं उभी राहिली. इतो तोवर मोठे होऊन लेखक झाले होते; याच मालिकेवर त्यांनी पुस्तक लिहिलं. जपानमध्ये समलिंगी व्यक्तींच्या हक्कांसाठी उघडपणे काम करणाऱ्यांमध्येही पुढे त्यांचं नाव झालं.

म्हणजे मूळ मालिका सापडली, असं म्हणता येईल का? काटेकोरपणे पाहिलं तर नाही. १९९१ चं भोपळेबेट हे नवं काम आहे. नव्या बाहुल्या, नवा कॅमेरा, वय झालेले आवाज. मूळ टेपमध्ये होती ती हाताची नेमकी हालचाल, चुकून वाकडी झालेली काठी, घाईत लावलेला दिवा, हे सगळं गेलं ते गेलंच. वहीत चित्राचा हलता भाग उतरत नाही. पण टेपमध्ये नसलेली एक गोष्ट वहीत असते: दहा-अकरा वर्षांच्या मुलाला काय लिहून ठेवण्याजोगं वाटलं, याची नोंद. कॅमेरा निवड करत नाही, मूल करतं. मालिकेचा इतिहास लिहायला बसलेल्या माणसाला मी विचारलं, की ३०४ तासांची टेप हवी की ती वही, तर तो अर्थातच टेप मागेल. मिळाली मात्र वही, आणि तिनं अर्धंअधिक काम भागवलं.

भोपळेबेट एकटं नव्हतं. एनएचकेनं १९७३ ते १९७५ या काळात ‘शिन हाक्केनदेन’ ही ४६४ भागांची बाहुलीमालिका केली. बाकिन यांच्या एकोणिसाव्या शतकातल्या अवाढव्य कादंबरीवरची ही कथा, जुसाबुरो त्सुजिमुरा यांच्या देखण्या, काहीशा भयावह बाहुल्या, आणि निवेदनाला क्यू साकामोतो, म्हणजे ‘सुकियाकी’ या गाण्यामुळे अमेरिकेतही पोहोचलेला गायक. तिचेही मोजकेच भाग उरले. त्यानंतर १९७९ ते १९८२ मध्ये आलेल्या ‘पुरिनपुरिन मोनोगातारी’चे ६५६ भाग. तिथेही टेपा पुसल्या गेल्या, पण आता घरोघरी व्हिडिओ आला होता. या मालिकेच्या बाहुल्या घडवणाऱ्या कलावंतानं आपल्या घरच्या यंत्रावर भाग टिपून ठेवले होते. त्या घरगुती टेपांच्या आधारावर मालिका पुन्हा पडद्यावर येऊ शकली. चित्र धूसर, रंग उडालेले, मधेच फीत ताणल्यासारखी रेघ. तरी राजकन्या पुरिनपुरिन हलत होती, बोलत होती. पुढे एनएचकेनं स्वतःच लोकांना आवाहन करून जुन्या घरगुती टेपा मागवायला सुरुवात केली. ज्यांना एकेकाळी नुसतं ‘प्रेक्षक’ म्हटलं जायचं, त्यांच्याच माळ्यावरून आता संस्थेचा संग्रह भरला जातो आहे.

अमेरिकेतली गोष्ट वेगळ्या वळणाची आहे. तिथे पुसण्यापेक्षा कुलपाचा प्रश्न होता. ‘सेसमी स्ट्रीट’ आपल्याकडे २००६ मध्ये ‘गली गली सिम सिम’ होऊन आलं, चमकी आणि बूंबा घेऊन. त्यामुळे त्या गल्लीची कल्पना मराठी घरांनाही आहे. मूळ कार्यक्रम १९६९ चा. जिम हेन्सन यांच्या बाहुल्या, आणि एकेका भागामागे शिक्षणतज्ज्ञांची फौज. या कार्यक्रमाचा ८४७ वा भाग १० फेब्रुवारी १९७६ रोजी दाखवला गेला आणि त्यानंतर तो पुन्हा कधीच दाखवला गेला नाही.

त्यात पाहुणी होती मार्गारेट हॅमिल्टन, १९३९ च्या ‘द विझार्ड ऑफ ऑझ’ या चित्रपटातली हिरव्या तोंडाची दुष्ट चेटकीण. तीच चेटकीण गल्लीवरून उडत असताना वाऱ्यानं तिचा झाडू खाली पडतो आणि डेव्हिड नावाच्या तरुणाला सापडतो. नीट मागितलास तर देईन, असं तो बजावतो. ती धमक्या देते. तुला बास्केटबॉल करीन, बिग बर्डचा पिसांचा झाडणा करीन. कचऱ्याच्या डब्यात राहणारा ऑस्कर तिच्यावर लट्टू होतो, कारण एवढी खडूस बाई त्यानं आजवर पाहिलेली नसते. शेवटी सौजन्यानं वागून ती झाडू परत मिळवते. भीतीवर मात करायची आणि दुसऱ्याशी नीट वागायचं, हा सरळ धडा. पण पालकांची संतापलेली पत्रं येऊन पडली. मुलं किंचाळत उठली, पुन्हा कार्यक्रम लावू देत नाहीत वगैरे. निर्मात्यांनी भाग कपाटात ठेवून दिला. हॅमिल्टनबाई स्वतः नटी होण्याआधी बालवाडीत शिकवत. मुलांना आपल्या त्या भूमिकेची भीती वाटते याचं त्यांना वाईट वाटे. आदल्याच वर्षी, १९७५ मध्ये, ‘मिस्टर रॉजर्स नेबरहूड’ या कार्यक्रमात त्यांनी चेटकिणीचा पोशाख मुलांसमोर एकेक कपडा चढवून दाखवला होता, हे सोंग आहे हे कळावं म्हणून.

पुढची चार दशकं हा भाग दंतकथा होऊन राहिला. ज्यांनी तो एकदाच, तीन-चार वर्षांच्या वयात पाहिला होता ते शपथेवर सांगत, ज्यांनी पाहिला नव्हता ते विश्वास ठेवत नसत. छायाचित्रं फिरत, कथानकाचे तुकडे जोडले जात. नोव्हेंबर २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘म्युझियम ऑफ द मूव्हिंग इमेज’मध्ये त्यातले काही तुकडे दाखवले गेले, आणि जून २०२२ मध्ये अख्खा भाग अचानक यूट्यूबवर अवतरला. लोकांनी पाहिला. आणि बहुतेकांचं म्हणणं एकच पडलं: यात घाबरण्यासारखं काय होतं? दंतकथेतली चेटकीण आणि पडद्यावरची चेटकीण यांच्यात फार अंतर निघालं. यावरून त्या पालकांना हसणं मात्र बरोबर नाही. पन्नाशीच्या माणसानं संगणकावर पाहिलेला भाग आणि तीन वर्षांच्या मुलीनं अंधारत्या घरात पाहिलेला भाग एक नसतो.

याच कार्यक्रमातल्या आणखी एका तुकड्याचा शोध तर त्याहून विलक्षण. हा बाहुल्यांचा नव्हे, भागांच्या मधे दाखवलेल्या एका छोट्या अ‍ॅनिमेशनपटाचा, १९७५ च्या सुमाराचा. एक मुलगी अंथरुणात पडून भिंतीवरच्या पोपड्यांकडे आणि भेगांकडे बघते. भेगांचा उंट होतो, माकड होतं, कोंबडी होते, आणि मग येतो भेगांचा एक भीषण मालक, जो आपल्याच रागानं फुटून कोसळतो. मोठेपणी अनेकांना हे धूसर आठवत होतं, पण कुणाशी बोलायची सोय नव्हती. ताप आलेला असताना पडलेलं स्वप्न असेल, असं समजून ते गप्प राहत. मग एकाला दुसरा भेटला, दुसऱ्याला तिसरा. आठवणींची टिपणं जुळली. शोधणाऱ्यांपैकी एकाला प्रत मिळाली ती कुणाला द्यायची नाही या अटीवर! शेवटी २०१३ मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली. आवाज डोरोथी मॉस्कोवित्झ यांचा होता, १९६० च्या दशकातल्या एका प्रयोगशील रॉक बँडच्या गायिकेचा. इथे सापडलेल्या फितीनं लोकांना दिलं ते मनोरंजन नव्हे, साक्ष. आपण वेडे नव्हतो, ही साक्ष.

हेन्सन यांचं स्वतःचं सुरुवातीचं काम या सगळ्यांत जास्त हरवलेलं आहे, आणि तिथे दोष द्यायलाही कुणी नाही. १९५५ ते १९६१ या काळात वॉशिंग्टनच्या डब्ल्यूआरसी केंद्रावर ते ‘सॅम अँड फ्रेंड्स’ हा पाच मिनिटांचा कार्यक्रम करत. आईच्या जुन्या कोटाचं कापड आणि पिंगपाँगच्या चेंडूचे दोन अर्ध, एवढ्यातून केलेला पहिला कर्मिट त्यातलाच. कार्यक्रम बहुतेक थेट प्रक्षेपित व्हायचा. पुसायला मुळात नोंदच नव्हती.

सेसमी स्ट्रीटनं मात्र पुढे शहाणपण दाखवलं. २०१९ मध्ये, पन्नाशीच्या वर्षात, जवळजवळ ४,५०० भाग अमेरिकेच्या सार्वजनिक प्रक्षेपणाच्या अभिलेखागाराकडे सोपवण्याचं त्यांनी जाहीर केलं. लायब्ररी ऑफ काँग्रेस आणि बोस्टनचं सार्वजनिक प्रक्षेपण केंद्र मिळून हे अभिलेखागार चालवतात. एका कार्यक्रमाचा इतका मोठा ठेवा अशा जागी जाणं ही साधी गोष्ट नाही.

आपल्याकडे काय? मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. त्यावरचा मुलांचा कार्यक्रम ‘किलबिल’ पाहून मोठे झालेले वाचक आता आजी-आजोबा व्हायला आले आहेत. रामदास पाध्ये यांचे बोलके बाहुले अर्धवटराव आणि आवडाबाई त्या पिढीला सख्ख्या नातेवाइकांसारखे माहीत. रामदासांचे वडील यशवंत पाध्ये यांनी जन्माला घातलेला अर्धवटराव मंचावरून दूरदर्शनवर आला, आणि पाध्ये घराण्यानं बाहुल्या प्राणपणानं जपल्या. पण बाहुली जपणं वेगळं आणि तिचा १९७५ सालातला एखादा कार्यक्रम जपणं वेगळं. टेपा पुसून पुन्हा वापरण्याची रीत दूरदर्शनकडेही होती. रंगीत टीव्ही आला १९८२ च्या एशियाडबरोबर, आणि मध्यमवर्गीय घरात व्हीसीआर दिसू लागला तोही त्याच सुमाराला. म्हणजे पहिल्या दहा वर्षांच्या बाबतीत आपली अवस्था इतोसारखीच. जे गेलं ते गेलं, आणि वही कुणी घातली असेल तरच उरलं. त्यानंतरच्या वर्षांचं मात्र तसं नाही. तेव्हा लग्नाच्या कॅसेटच्या शेवटी उरलेल्या वीस मिनिटांत काहीबाही टिपून ठेवायची आपल्याला सवय होती, आणि त्या वीस मिनिटांत काय असेल हे कुणी सांगावं!

म्हणून वाचकांना एक विनंती. माळ्यावर व्हीएचएस कॅसेटा असतील तर भंगारात देण्याआधी एकदा खाली उतरवा. कॅसेटच्या काचेतून फितीच्या कडेला पांढरी भुकटी दिसली, तर ती बुरशी; आपल्या कोकणात, मुंबईत, गोव्यात ती हमखास असते. अशी कॅसेट व्हीसीआरमध्ये घालून ‘चालते का बघू’ म्हणू नका. बुरशी हेडला लागते, फीत अडकते, तुटते, आणि पुढे घातलेल्या चांगल्या कॅसेटांनाही ती लागते. आधी साफ करून घ्या, तेही जाणकाराकडून. चांगल्या कॅसेटा आडव्या रचू नका, पुस्तकासारख्या उभ्या ठेवा, कोरड्या जागी, सिलिका जेलच्या पुड्यांसह. कागदी लेबल फिकट झालं असेल तर आत्ताच नव्यानं लिहा. काय, कधी, कुठल्या वाहिनीवरून. रूपांतर करून घेतलंत तरी मूळ कॅसेट टाकू नका, कारण उद्या आजच्यापेक्षा चांगलं यंत्र येऊ शकतं. आणि लहानपणी टीव्हीवरच्या कार्यक्रमांची कुणी वही घातली असेल, अगदी शुद्धलेखनाच्या चुकांसकट, तर ती रद्दीत घालण्यापूर्वी कुण्या ग्रंथालयाला किंवा अभ्यासकाला दाखवा.